काळे कापड आणि उजळ पडदा

माळशिरस तालुक्यातील एका गावात, बाजारपेठेमागच्या बोळात, एक जुना फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या दर्शनी काचेच्या कपाटात लग्नाच्या अल्बमचे नमुने, चौकटींचे कोपरे आणि पासपोर्ट फोटोंच्या पट्ट्या यांच्या गर्दीत एक लाकडी कॅमेरा ठेवलेला दिसतो. त्याचा चामडी भाता ठिकठिकाणी विरला आहे, पितळी खिट्ट्या काळवंडल्या आहेत. मागची दुधी काच मात्र अजून अभंग आहे. कॅमेऱ्याखाली नीट घडी घालून ठेवलेले एक काळे कापड आहे. गिऱ्हाइकांचे लक्ष त्या कापडाकडे क्वचितच जाते. स्टुडिओच्या वृद्ध मालकाचे सारे शिक्षण मात्र त्या कापडाखाली झालेले आहे.

त्याचे वडील फोटो काढत तेव्हा तो सात-आठ वर्षांचा असेल. वडील कापड डोक्यावरून ओढून घेत आणि बराच वेळ आत गडप होत. बाहेर खुर्चीवर बसलेले गिऱ्हाईक अवघडून जाई. एके दिवशी वडिलांनी त्याला कापडाखाली घेतले. आत काळोख होता, कापूर आणि घाम यांचा मिश्र वास होता आणि समोर दुधी काचेवर एक माणूस खाली डोके, वर पाय अशा अवस्थेत शांतपणे बसलेला होता. डावे उजवीकडे गेले होते आणि उजवे डावीकडे. त्या उलट्या जगात माणसाच्या मिशीचा केस न् केस दिसेपर्यंत भाता मागेपुढे करायचा, हे वडिलांचे काम. “मिशी नको बघू, डोळा बघ,” वडील म्हणत. “डोळा धरला की माणूस धरला.”

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात सर्वांनी असेच पाहिले. इंदूरला नोकरी करता करता ही विद्या शिकलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ, १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद, आणि गावोगाव तंबू ठोकणारे अनाम फोटोवाले, या साऱ्यांनी आपापली माणसे प्रथम उलटीच पाहिली. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची होती. ज्या भिंगातून चित्र काचेवर पडायचे त्याच भिंगातून, त्याच जागी ठेवलेल्या प्लेटवर ते उमटायचे. जे पाहिले तेच मिळायचे. काच काढून प्लेट बसवण्यापुरता तो आंधळा होई, इतकेच.

पुढे स्टुडिओत पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे आले आणि पाहणे सोपे झाले. भिंगातून आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडून वर वळायचा, पंचकोनी काचेतून फिरून सुलट व्हायचा आणि डोळ्यापर्यंत पोचायचा. शटर दाबले की आरसा वर उचलला जाई आणि प्रकाश फिल्मवर पडे. माणूस पायांवर उभा दिसू लागला. काळे कापड घडी घालून कपाटात गेले. पण दुधी काचेपेक्षा या खिडकीत एक गोष्ट उणी होती, हे त्याला हळूहळू उमगले. खिडकीतले चित्र नेहमीच छान उजळ दिसे. फिल्मवर ते अंधारे उमटणार की जळून पांढरे होणार, हे तिथे कळत नसे. ते कळायचे अनुभवाने, प्रकाशमापकाच्या काट्याने, आणि फिल्मच्या खोक्यावर छापलेल्या तक्त्याने. रणरणत्या उन्हात अॅपर्चर १६ वर ठेवावे आणि १०० वेगाच्या फिल्मला शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर, हा हिशेब त्याला पाढ्यांसारखा पाठ होता. तरीही छत्तीस फोटोंचा रोल धुऊन वाळेपर्यंत पोटात गोळा असे. लग्नाचा रोल असेल तर अधिकच. बिघडलेल्या फोटोसाठी मंगलाष्टके पुन्हा कोण म्हणणार?

डिजिटल कॅमेऱ्याने हा गोळा नाहीसा केला, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत आणि त्या चित्रात जेमतेम दहा हजार बिंदू असत. १९९५ साली कॅसिओ कंपनीने पाठीवर छोटा पडदा असलेला कॅमेरा सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणला आणि फोटो काढण्यापूर्वीच तो पडद्यावर पाहण्याची सोय झाली. गंमत अशी, की हौशी माणसांच्या स्वस्त कॅमेऱ्यांत जे होते ते व्यावसायिकांच्या महागड्या कॅमेऱ्यांत बरीच वर्षे नव्हते. कारण तोच आरसा! तो आडवा आलेला असताना सेन्सरवर प्रकाशच पडत नसे. मग पडद्यावर दाखवायचे काय? २००६ साली ऑलिंपसच्या एका कॅमेऱ्याने ही अडचण सोडवली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत इतर कंपन्यांनीही आरसा वर उचलून धरून सेन्सरवरचे चित्र थेट पडद्यावर दाखवण्याची सोय आपापल्या कॅमेऱ्यांत आणली. तिला सारे ‘लाइव्ह व्ह्यू’ म्हणू लागले.

स्टुडिओत असा कॅमेरा आला तो २००९ साली. पुण्याहून आणलेले खोके उघडून त्याने कॅमेरा तिवईवर चढवला, बटण दाबले आणि पडद्यावर खिडकीतला पेरूचा झाड हलताना दिसला, तेव्हा त्याला आठवली ती दुधी काच. आरसा नाही, पंचकोन नाही; भिंगातून आलेला प्रकाश जिथे उमटणार तिथलेच चित्र समोर. शिवाय ते सुलट. तीन इंचांच्या त्या चौकटीत वडिलांची काच परत आली, असे त्याला वाटले. या वाटण्यात तथ्य होते आणि पुढच्या चुकीचे मूळही त्यातच होते.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर शेजारच्या वस्तीवरून एक वृद्ध बाई स्टुडिओत आल्या. वय ऐंशीच्या घरात. मुलाने आग्रहाने आणले होते. त्यांचा एकटीचा फोटो आयुष्यात कधी निघाला नव्हता. रेशनकार्डावर होता तो सर्वांबरोबरचा. फ्लॅशच्या उजेडाने डोळ्यांना त्रास होतो, असे त्या म्हणाल्या, म्हणून त्याने त्यांना खिडकीशी बसवले. डोक्यावरून घेतलेला जरीच्या काठाचा पदर, सुरकुत्यांचे जाळे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर निवळलेले डोळे. उजेड कमी होता म्हणून त्याने ८५ मिलिमीटरचे भिंग पूर्ण उघडले, अॅपर्चरचा आकडा १.८ केला. पडद्यावर चेहरा आला. कॅमेऱ्याने हिरवी चौकट दाखवली. चित्र स्वच्छ होते, सुंदर होते. त्याने पाच-सहा फोटो काढले आणि बाईंना पडद्यावर दाखवले. त्या हसल्या. “म्हातारी बरी दिसती की,” म्हणाल्या.

पाच महिन्यांनी मुलगा एकटाच आला. दहाव्याच्या आत मोठी तसबीर हवी होती, वीस इंच बाय चोवीस. त्याने संगणकावर फाइल उघडली, पूर्ण आकारात नेली, आणि खुर्चीत मागे टेकून बसला. पदराच्या काठावरची जर अशी स्पष्ट होती, की एकेक तार मोजून घ्यावी. कानातली कुडीही लखलखीत. डोळे मात्र पाण्याखालून पाहावे तसे विरघळलेले. सहाही फोटोंत तेच.

हे घडले कसे, याचा विचार त्याने त्यानंतर पुष्कळ केला. आकडे साधेच आहेत. दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा फोटो ८५ मिलिमीटरच्या भिंगाने अॅपर्चर १.८ वर काढला, तर स्पष्ट उमटणारा थर जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा असतो. डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर त्याहून कितीतरी अधिक. अॅपर्चर ८ वर हाच थर सुमारे दहा सेंटिमीटरचा झाला असता आणि बाईंचा सारा चेहरा त्यात मावला असता. त्या काळचे कॅमेरे लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस साधताना काळ्या-पांढऱ्याचा भेद जिथे अधिक ठसठशीत होईल तिथे थांबत. वृद्ध चेहऱ्याच्या मऊ सावल्यांपेक्षा जरीचा काठ कॅमेऱ्याला अधिक भावला, यात त्याचा दोष काय? काठ धरायचा की डोळा, हे ठरवणे त्याचे काम नव्हते.

आणि पडद्याने हे दाखवले का नाही? पडदा दाखवू शकतच नव्हता. जाहिरातीत त्याचे वर्णन नऊ लाख वीस हजार ठिपक्यांचा असे होते. पण तांबडा, हिरवा, निळा असे तीन ठिपके मिळून चित्राचा एक बिंदू होतो, म्हणजे बिंदू झाले तीन लाख सात हजार. फोटोत बिंदू होते सुमारे एक कोटी बावीस लाख. चाळीस बिंदूंपैकी एकच पडद्यावर येत होता. चाळिसातल्या एकोणचाळिसांना गप्प बसवून उरलेल्या एकाची साक्ष घ्यावी, तसाच हा प्रकार! दुधी काच चांगली हातभर मोठी होती. तिच्यावर वडील भिंग टेकवून डोळा पाहत. पडद्यावरही तशी सोय होती. भिंगाचे चिन्ह असलेले बटण दाबले की चित्राचा निवडलेला तुकडा पाचपट, दहापट मोठा होऊन दिसतो. ते बटण कुठे आहे हे त्याला ठाऊक होते. त्या दिवशी ते दाबले गेले नाही, एवढेच.

त्याने मुलाला खरे सांगितले. तसबीर लहान करू, आठ इंच बाय दहा; त्या आकारात दोष जाणवणार नाही, असेही सुचवले. मुलाने संगणकाच्या पडद्याकडे लांबून पाहिले आणि म्हणाला, “झकास आहे की. मोठाच करा.” तसबीर मोठी झाली. चौकटीचे पैसे त्याने घेतले नाहीत आणि का घेतले नाहीत हे कोणी विचारले नाही. पुढे लग्नकार्याच्या निमित्ताने त्या घरी जाणे झाले की तो पुढच्या खोलीत त्या भिंतीकडे पाठ करून बसे.

तेव्हापासून त्याची फोकसची रीत बदलली. कॅमेरा तिवईवर, स्वयंचलित फोकस बंद, चौकट जवळच्या डोळ्यावर, चित्र दहापट मोठे. मग भिंगाचे कडे बोटांनी अगदी हळू फिरवायचे. पापण्या प्रथम धूसर असतात, मग स्पष्ट होतात, मग पुन्हा धूसर. नवखा माणूस स्पष्ट झाल्याबरोबर थांबतो. त्याला वाटते, आले. जाणता माणूस त्या स्थानाच्या थोडा पुढे जातो, चित्र बिघडते तिथवर जातो आणि मग मागे येतो. शिखर ओलांडल्याखेरीज ते शिखर होते हे कळत नाही. शिवाय आणखी एक मेख आहे. पडद्यावरचे चित्र बहुधा उघड्या अॅपर्चरवरचे असते. शटर दाबताना भोक लहान होते आणि स्पष्टतेचा थर जाड होतो. म्हणून मागची भिंत, तीवरचे कॅलेंडर आणि देवाचा फोटो फोटोत किती उठून दिसणार, हे पाहायचे तर भोक आधीच लहान करून दाखवणारे बटण दाबावे लागते. पुष्कळजण ते दाबत नाहीत आणि मग नवरीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवतो!

फोकसची बाब निदान सरळ आहे. ती मोठी करून पाहिली की संपते. एक्स्पोजरचे तसे नाही. तिथे पडदा खोटे बोलत नाही, पण पाहणारा डोळा मात्र फसतो.

वारीच्या दिवसांत माउलींची पालखी या तालुक्यातून जाते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम होतात. आषाढाच्या तोंडाशी आभाळ कधी झाकोळलेले, तर कधी अचानक लख्ख. अशाच एका लख्ख दुपारी त्याने रस्त्याच्या कडेला कॅमेरा लावला. पडद्याकडे पाहिले तर चित्र अंधारलेले. चेहरे काळे, टाळ काळे. त्याने उजेड वाढवला, दोन पावले वाढवला, म्हणजे चौपट केला. मग पडदा बरा दिसू लागला आणि तासभर तो फोटो काढत राहिला. संध्याकाळी स्टुडिओत पाहतो तो वारकऱ्यांची धोतरे आणि सदरे म्हणजे नुसती चुन्याची भिंत. घडी नाही, सुरकुती नाही, घामाचा डाग नाही. पांढऱ्यात जे काही होते ते सारे जळून गेले होते.

उन्हात पडदा अंधारा दिसला, कारण भोवतालचा उजेड पडद्याच्या उजेडापेक्षा कितीतरी प्रखर होता. डोळ्याची बाहुली उन्हात दोन मिलिमीटरपर्यंत आकसते, अंधारात तरुण माणसाची सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. दृष्टिपटलही भोवतालच्या उजेडाशी जुळवून घेते. म्हणजे पाहणाऱ्याचे स्वतःचेच एक्स्पोजर सतत बदलत असते आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. रात्रीच्या कीर्तनात नेमके उलटे होते. मंडपाच्या अंधारात पडदा झगमगतो, अंधुक चित्रही तेजाळ भासते, माणूस समाधानाने उजेड कमी करतो आणि सकाळी कागदावर कीर्तनकारबुवा चिखलात उभे असल्यासारखे दिसतात. त्यातून काही कॅमेऱ्यांचा पडदा भोवतालच्या उजेडानुसार आपला उजेड आपणच बदलतो, काहींचा पडदा एक्स्पोजर कसेही असो, चित्र नेहमी दिसेल असेच उजळ ठेवतो. दुसऱ्या प्रकारच्या पडद्यावरून एक्स्पोजर ठरवणे म्हणजे बंद घड्याळात वेळ पाहणे होय. आपल्या पडद्यावर दिसणारे चित्र खऱ्या एक्स्पोजरचे आहे की सोयीसाठी उजळलेले, हे ज्याचे त्याने आधी तपासून घ्यावे लागते. स्टुडिओतील मोठे फ्लॅश लावले असता मात्र हा सोयीचा उजाळाच कामी येतो. कारण तिथे खरा उजेड शटर दाबल्यावरच पडणार असतो आणि खरे चित्र दाखवणारा पडदा तोवर काळाठिक्कर असतो.

या फसवणुकीवरचा उतारा पडद्याच्या कोपऱ्यातच असतो. हिस्टोग्राम नावाची ती छोटीशी डोंगररांग. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे, मध्ये करड्याच्या छटा, शून्यापासून २५५ पर्यंत. ज्या छटेचे बिंदू जास्त तिथे डोंगर उंच. पडदा उन्हात असो वा अंधारात, ही रांग बदलत नाही. डोंगर उजव्या भिंतीवर चढून तिथेच कापला गेला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला. डाव्या भिंतीत घुसला असेल तर काळ्यातला गेला. अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर यांच्यासह जी पद्धत बसवली, तिच्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा पट्टे कल्पिलेले होते आणि दृश्यातली कोणती वस्तू कोणत्या पट्ट्यात पडावी हे छायाचित्रकाराने फोटोपूर्वीच मनाशी ठरवायचे होते. हिस्टोग्रामने ते पट्टे काढून दाखवले. ठरवायचे मात्र अजून माणसालाच आहे.

कारण यंत्राला पांढरे धोतर पांढरे आहे हे ठाऊक नसते. प्रकाशमापक समोरचे सारे जग सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. शे-दोनशे वारकऱ्यांचा पांढरा समुदाय पाहिला की त्याला वाटते, उजेड फार झाला. तो एक्स्पोजर कमी करतो आणि धोतरे मळकट, चेहरे कोळशासारखे होतात. म्हणून तिथे उजेड वाढवावा लागतो, हे खरेच. परंतु किती, याचे उत्तर उन्हात चमकणाऱ्या पडद्याकडे नसून डोंगराच्या उजव्या टोकाकडे असते. ते टोक भिंतीला जेमतेम टेकू द्यावे. दुसऱ्या वर्षीच्या वारीत त्याने तसे केले. चेहरे जरा गडद आले, ते त्याने नंतर संगणकावर उचलले. जळलेले पांढरे मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही.

हिस्टोग्रामचीही एक खोड आहे, ती त्याला लग्नांनी शिकवली. नवरीचा लालभडक शालू. रांग अगदी मध्यावर, दोन्ही भिंती मोकळ्या, आणि फोटोत शालू म्हणजे लाल रंगाचा सपाट गोळा. बुट्टी नाही, चुणी नाही. उजळपणाची एकच रांग काढताना यंत्र तांबड्याला सुमारे ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन देते. म्हणून शुद्ध तांबडा काठोकाठ भरून वाहू लागला, २५५ ला पोचला, तरी या रांगेत तो ७६ च्या आसपास, डावीकडच्या तिसऱ्या हिश्श्यात, निरागसपणे बसलेला असतो. तिन्ही रंगांच्या रांगा वेगवेगळ्या पाहिल्या तरच लालची रांग भिंतीवर आदळलेली दिसते. शालू, कुंकवाचा मळवट, झेंडूची तोरणे, फेटे: मराठी लग्नात जे जे शोभिवंत ते ते या एका रांगेच्या नजरेतून सुटणारे.

यावरून लाइव्ह व्ह्यू हीच खरी रीत आणि डोळ्याला कॅमेरा लावून पाहणे ही जुनी अडाणी सवय, असे कोणी समजू नये. सदाशिवनगरच्या रिंगणात माउलींचा अश्व दौडत येतो तेव्हा त्या काळच्या कॅमेऱ्याचा पडदा कुचकामी ठरे. फोकस चाचपडत राही. पडद्यावर घोडा दिसे तोवर खरा घोडा पुढे गेलेला असे. शिवाय पडद्यासाठी कॅमेरा हात लांब करून धरला की तो थरथरतो. कपाळाला टेकवला की कपाळच तिवई होते. पडदा आणि सेन्सर सतत चालू राहिल्याने सेन्सर तापतो, चित्रात दाणे वाढतात आणि बॅटरी भराभर उतरते, हे निराळेच. रिंगणात तो नेहमी खिडकीलाच डोळा लावी. बसलेल्या माणसाला पडदा, धावत्या घोड्याला खिडकी, अशी त्याने स्वतःपुरती वाटणी करून घेतली होती.

त्याची स्वतःची अडचण निराळी होती. खिडकीत डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचे चाक असते. पडदा वीतभर-हातभर अंतरावर, म्हणजे नेमका चाळिशीच्या टापूत. चष्म्याशिवाय पडदा धूसर आणि चष्म्यातून गिऱ्हाईक धूसर. पहिल्या वर्षी तर फोटोचा फोकस गेला आहे की आपला, हेच त्याला कधी कधी कळेना. मग चष्मा दोरीने गळ्यात आला आणि नाकाच्या शेंड्यावर स्थिरावला. वरून माणूस, खालून पडदा.

आता स्टुडिओ त्याची मुलगी चालवते. २०१० नंतरच्या दशकात आरसा नसलेले कॅमेरे सर्वत्र झाले आणि तिचाही तसाच आहे. तो सेन्सरवरच फोकसची दिशा ओळखतो, धावता घोडा धरतो, चेहरा दिसताच डोळा शोधून त्यावर चौकट ठेवतो. ज्याने हे शिकायला एक तसबीर गमावली, त्याला ती छोटी चौकट पाहून काय वाटत असेल, हे तो बोलत नाही. गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवरही आज लाइव्ह व्ह्यूच असतो. बोट टेकवले की फोकस, बोट सरकवले की उजेड. पासपोर्ट फोटोखेरीज स्टुडिओत फारसे कोणी फिरकत नाही. तरीही घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा एकच चांगला फोटो हवा असला, की बोलावणे स्टुडिओलाच येते.

गेल्या उन्हाळ्यात असे एक बोलावणे त्याच वस्तीवरून, त्याच घरातून आले. त्या वृद्ध बाईंची सून आता स्वतः म्हातारी झाली होती. मुलगी निघाली तेव्हा तोही निघाला. “अप्पा, उन्हाचं तुम्ही कशाला?” ती म्हणाली. त्याने उत्तर दिले नाही. कपाट उघडून लाकडी कॅमेऱ्याखालचे काळे कापड काढले, झटकले आणि पिशवीत घातले.

फोटो अंगणातच हवा, तुळशीवृंदावनापाशी, असा सुनेचा हट्ट. ऊन डोक्यावर आलेले. त्याने खुर्ची ओसरीच्या सावलीच्या कडेला ओढायला लावली, एवढेच. मुलीने कॅमेरा तिवईवर चढवला, अॅपर्चर ८ वर नेले, पडदा वर वळवला. पडद्यावर आभाळाच्या लखलखाटाशिवाय काही दिसेना.

“तीन रांगा लाव,” तो म्हणाला. “लुगडं लाल आहे.”

मग त्याने कापड उघडले आणि डोक्यावरून ओढून घेतले. अंगणातली पोरे हसू लागली. आत काळोख झाला, आणि काळोखात पडदा एकदम स्वच्छ, शांत झाला. कॅमेऱ्याने डोळ्यावर आपणहून चौकट ठेवली होती. त्याने नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा सारखा केला आणि भिंगाचे बटण दाबले. पाचपट. दहापट. डाव्या डोळ्याच्या कडेला उन्हाने आलेले पाणी दिसत होते.

“झालं का भावजी?” बाहेरून आवाज आला. “किती वेळ बसायचं?”

“थांबा वहिनी,” कापडाखालून तो म्हणाला. “पापणी दिसू द्या.”